गोव्यातील इगर्जीशाळांचे संगीतवर्ष : तालीम, फेस्त आणि उपजीविका

प्रस्तावना

गोमंतकीय माणसाच्या रक्तातच संगीत असते, असे विधान महाराष्ट्रात व गोव्यात वारंवार केले जाते. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांची नावे घेऊन ते सिद्धही केले जाते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजविणाऱ्या ख्रिस्ती गोमंतकीय वादकांविषयी बोलतानाही हेच वाक्य उच्चारले जाते. विधान गौरवाचे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने ते जसेच्या तसे स्वीकारणे योग्य ठरणार नाही. जे रक्तात असते ते शिकवावे लागत नाही, त्यासाठी शिक्षक नेमावा लागत नाही, त्याचा खर्च कोणाला उचलावा लागत नाही आणि ते कोणत्याही एका शाळेबरोबर नाहीसे होत नाही. गोव्यातील ख्रिस्ती वादकांच्या बाबतीत मात्र शिक्षक होता, शाळा होती, खर्च होता, रोजची तालीम होती आणि वर्षभराचे ठरलेले कार्यक्रमही होते.

ही शाळा म्हणजे प्रत्येक मोठ्या गावातील इगर्जीला जोडलेली पारिशशाळा. पोर्तुगीज भाषेत तिला 'एश्कोला पारोकियाल' म्हणत. तेथे मुलांना धर्मशिक्षण आणि अक्षरओळख यांबरोबर संगीत शिकवले जाई आणि त्या संगीताचे प्रत्यक्ष सादरीकरण गावच्या इगर्जीत वर्षभर होत राही. प्रस्तुत निबंधात या शाळेच्या एका वर्षाचे स्वरूप तपासून 'रक्तातील संगीत' या समजुतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) इगर्जीशाळेतील संगीतशिक्षणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) तालीम आणि सादरीकरण यांचे वार्षिक चक्र व त्यामागील शिक्षणपद्धती स्पष्ट करणे.
३) या शिक्षणाचा खर्च, त्यातील वगळणूक आणि त्यातून मिळालेली उपजीविका यांचा परस्परसंबंध तपासणे.
४) या परंपरेच्या ओसरण्याची कारणे शोधणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ. स. १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकर्क याने गोवा जिंकल्यानंतर पुढील तीन दशकांत तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या भागांत, म्हणजे ज्यांना पुढे 'जुन्या काबिजादी' म्हटले गेले त्या प्रदेशांत, पोर्तुगीजांची सत्ता स्थिर झाली. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५४१ मध्ये पवित्र श्रद्धेच्या नावाने एक कोंफ्रारिया, म्हणजे धार्मिक बंधुसंघ, स्थापन झाला आणि त्याच वर्षी पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न त्याच्याकडे वळविण्यात आले. या उत्पन्नावर जी संस्था उभी राहिली ती पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात पोहोचला व त्यानंतर हे कॉलेज जेझुइटांच्या हाती आले. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये याच कॉलेजात बसविण्यात आले.

गोव्यातील पाश्चात्य संगीतशिक्षणाचा आरंभ या पार्श्वभूमीवर झाला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुले जमवी आणि त्यांना धर्मतत्त्वे गाण्याच्या चालीवर पाठ करून घेई, ही हकीकत सर्वपरिचित आहे. संगीत येथे कलेसाठी आले नव्हते. ते धर्मप्रसाराचे साधन म्हणून आले होते. ज्या देवळांच्या उत्पन्नावर पूर्वी देवापुढील वाजप आणि गायन चाले, त्याच उत्पन्नाचा एक भाग आता नव्या धर्माच्या शिक्षणाकडे वळला होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मध्यंतरीच्या अल्पशा खंडाचा अपवाद वगळता ती १८१२ पर्यंत टिकली. ज्या संगीताचे आपण कौतुक करतो त्याच्या पायाशी ही सक्ती आहे. मात्र सक्तीने सुरू झालेली गोष्ट कायम सक्तीचीच राहते असे नाही. पुढील पिढ्यांनी हे संगीत आपलेसे केले. मांडो आणि तियात्र यांसारख्या कोकणी कलाप्रकारांना त्याच्या सुरावटींनी आकार दिला.

बार्देशात फ्रान्सिस्कन आणि सासष्टीत जेझुइट या धर्मसंघांनी गावोगाव इगर्जी आणि त्यांना जोडून शाळा उभ्या केल्या. १७५९ मध्ये जेझुइटांना आणि १८३५ मध्ये उर्वरित सर्व धर्मसंघांना गोव्यातून घालविण्यात आले. तरीही गावच्या शाळेतील संगीत थांबले नाही. याचे कारण असे की, तोपर्यंत शाळेचा शिक्षक हा बहुतेक ठिकाणी स्थानिक गृहस्थ होता आणि त्याचे वेतन गावच्याच उत्पन्नातून येत होते. परदेशी धर्मसंघ गेले, पण गावचे व्यवस्थापन टिकून राहिले. संस्थेचे आयुष्य तिच्या संस्थापकांवर नव्हे, तर तिच्या दैनंदिन खर्चाची व्यवस्था कोण करतो यावर अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मेस्त्रे आणि त्याची शिक्षणपद्धती

शाळेचा प्राण म्हणजे 'मेस्त्रे'. त्याचे पूर्ण पदनाम 'मेस्त्रे द कापेला', म्हणजे गायकवृंदाचा प्रमुख. तो मुलांना प्रार्थना शिकवी, अक्षरे गिरवून घेई, लॅटिन शब्दांचे उच्चार पक्के करून घेई, व्हायोलिन किंवा ऑर्गन वाजवी, गायकवृंदाचे नेतृत्व करी आणि गावातील लग्न व अंत्यविधी यांच्या संगीताची जबाबदारीही सांभाळी. छापील संगीत दुर्मीळ असल्याने प्रत्येक आवाजासाठी आणि प्रत्येक वाद्यासाठी स्वरलिपीची पाने तो स्वतःच्या हाताने उतरवून काढी. अनेक मेस्त्रे स्वतः रचनाकारही होते. परंतु त्यांच्या रचनांवर नाव घालण्याची पद्धत क्वचितच होती. गोव्यातील मोतेतांपैकी, म्हणजे उपवासकाळातील लॅटिन धार्मिक गीतांपैकी, कितीतरी रचना त्यामुळे आज निनावी आहेत.

शिक्षणाचा क्रम ठरलेला होता. प्रथम 'सोल्फ', म्हणजे स्वरवाचन. पाच रेषांवरील खुणा पाहून मुलाने दो, रे, मी या नावांनी स्वर म्हणावेत आणि त्याच वेळी हाताने ठेका मोजावा. हा अभ्यास महिनोन्‌महिने चाले. सोल्फ पक्का झाल्याशिवाय मुलाच्या हातात वाद्य दिले जात नसे. त्यानंतर बहुधा व्हायोलिन येई; पुढे गरजेनुसार क्लॅरिनेट, बास किंवा पितळी वाद्ये. या क्रमाचा परिणाम असा होई की, न ऐकलेली चीज केवळ कागदावरून वाचून वाजविण्याची शक्ती मुलामध्ये अगदी लहान वयात येत असे.

हिंदुस्थानी संगीताच्या गुरुशिष्य परंपरेशी याची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या दोघींनीही अल्लादिया खाँ यांच्यासारख्या गुरूसमोर बसून, ऐकून आणि घोकून विद्या मिळवली. तेथे शिक्षण एकेका शिष्याचे, मौखिक आणि एकल गायनासाठी होते. इगर्जीशाळेत ते समूहाचे, लिखित आणि सामूहिक सादरीकरणासाठी होते. पहिल्या पद्धतीत गायकाने स्वतःची वाट शोधावी अशी अपेक्षा असते. दुसऱ्या पद्धतीत शेजाऱ्याचा आवाज ऐकत स्वतःच्या ओळीवर ठाम राहणे ही कसोटी असते. यांतील कोणतीही पद्धत दुसरीपेक्षा श्रेष्ठ नाही. परंतु दोन्हींत रक्ताचा नव्हे, सरावाचा भाग निर्णायक आहे, हे साम्य लक्षणीय आहे.

भारतात इतरत्र शाळेच्या वर्गात, स्वरलिपीच्या साहाय्याने संगीत शिकविण्याचे महत्त्वाचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर झाले. मौलाबक्ष यांनी बडोदा संस्थानात १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. हे प्रयोग युगप्रवर्तक होते यात शंका नाही. तथापि मुलांच्या समूहाला कागदावरून संगीत वाचायला शिकविणारी शाळा त्याआधी फार काळ गोव्याच्या खेड्यांत चालू होती, ही बाब आपल्या संगीतशिक्षणाच्या इतिहासलेखनात सहसा येत नाही. ती धर्मसंस्थेची शाळा होती आणि तिचे संगीत परके मानले गेले, ही त्यामागील कारणे असावीत.

संगीताचे एक वर्ष

इगर्जीशाळेचे वर्ष सरकारी शाळेप्रमाणे परीक्षेने नव्हे, तर धार्मिक पंचांगाने बांधलेले होते. प्रत्येक टप्प्याला वेगळे संगीत, वेगळी वाद्ये आणि वेगळी मनोवृत्ती अपेक्षित होती. म्हणूनच हे पंचांग एका अर्थाने अभ्यासक्रमच होता.

पावसाळा संपून भात घरी आले की फेस्तांचा काळ सुरू होई. ३ डिसेंबर हा जुन्या गोव्यातील फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचा दिवस. त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना असते. ८ डिसेंबरला पणजीच्या इगर्जीचे फेस्त येते. त्यापाठोपाठ नाताळ आणि ६ जानेवारीला रेइश मागुश, चांदर व कासावली परिसरात तीन राजांचे फेस्त. गावच्या फेस्ताची रचना साधारणतः सारखी असे : नऊ दिवसांची नोव्हेना, आदल्या संध्याकाळी व्हेस्पर, फेस्ताच्या पहाटे बँडने गावभर केलेली 'आल्व्होराद', सकाळची गायनयुक्त मोठी मीस आणि संध्याकाळी इगर्जीसमोरील प्रांगणात पुन्हा बँडचे वादन. नऊ दिवस लागोपाठ सर्व गावासमोर गाण्याची संधी म्हणजे मुलांच्या दृष्टीने नऊ रंगीत तालमी आणि दहाव्या दिवशी मुख्य प्रयोग. चुकले तर दुसऱ्या दिवशी सुधारता येई. पण चूक गावाने ऐकलेली असे.

त्यानंतर कार्निव्हाल सरला की राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. येथे संगीताचा पोत एकदम बदलतो. ऑर्गन गप्प होतो, उत्सवी चाली थांबतात आणि मोतेत सुरू होतात. क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मूर्तीची मिरवणूक आणि त्यासोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट व बास अशा मोजक्या वाद्यांच्या साथीने संथ लयीत गायिलेली मोतेते हे गोव्यातील उपवासकाळाचे वैशिष्ट्य. संथ लयीत सूर न घसरू देता, दोन-तीन आवाजांचा मेळ राखणे हे जलद गाण्यापेक्षा अवघड असते. मोतेताचा गायक होणे ही म्हणून प्रतिष्ठेची गोष्ट होती आणि वर्षभराच्या तालमींपैकी सर्वांत कठोर तालमी याच काळासाठी होत. पवित्र आठवड्यातील रात्रीच्या विलापगीतांनी हा टप्पा पूर्ण होई आणि ईस्टरला वाद्यवृंद पुन्हा संपूर्ण तयारीनिशी वाजू लागे.

ईस्टरनंतर येते म्हापशाचे मिलाग्र सायबिणीचे फेस्त. शिरगावची लईराई आणि मिलाग्र सायबीण या बहिणी होत, अशी लोकश्रद्धा असल्याने तेथे हिंदूंचीही गर्दी असते. मे महिन्यात वाडीवाडीवरील क्रुसांपुढे लादाईन, म्हणजे स्तुतिमालिका, गायिली जाई. इगर्जीतील सज्जावरून उतरून मुले येथे रस्त्याकडेला, घरांच्या अंगणात, एका व्हायोलिनच्या साथीने गात. मोठ्या वृंदात न सापडलेला आत्मविश्वास या छोट्या कार्यक्रमांत मुलांना मिळत असे.

२४ जूनला सांव जुआंव आणि २९ जूनला संत पीटरचे सांगोड हे पावसातले सण लोकगीतांचे, घुमटाचे आणि पाण्यातील गमतीचे. पावसाळ्यात मोठ्या फेस्तांची दाटी कमी असल्याने नव्या मुलांना सोल्फचे धडे देण्यास हा काळ सोयीचा ठरे. ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त येई. भाताची पहिली कणसे कापून ती वाजतगाजत इगर्जीत आणली जात. देवळाच्या परंपरेतील नव्याच्या पूजेची आठवण करून देणारा हा सोहळा जुन्या कृषिसंस्कृतीशी असलेले नाते दाखवितो. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना आणि २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशीच्या शोकगीतांनंतर पुन्हा नोव्हेनेची तयारी सुरू होई आणि वर्षाचे चक्र पूर्ण होई.

या वर्षक्रमाकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहिल्यास तीन गोष्टी जाणवतात. पहिली, तालीम आणि प्रयोग यांत फार अंतर नव्हते. शिकलेले लगेच वापरावे लागे. दुसरी, एकाच वर्षात उत्सव, शोक, लोकोत्सव आणि मिरवणूक अशा भिन्न प्रसंगांचे संगीत मुलाच्या हातून जाई. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, हे चक्र दरवर्षी परत येई. सातव्या वर्षी शाळेत आलेला मुलगा चौदाव्या वर्षापर्यंत तोच नाताळ आणि तीच मोतेते सात वेळा गायिलेला असे. आरंभी वरच्या आवाजात, नंतर खालच्या आवाजात, पुढे कदाचित व्हायोलिनवर. ज्याला आपण रक्त म्हणतो ते बहुधा हेच असावे : सात वर्षांची पुनरावृत्ती, जी पाहणाऱ्याला दिसत नाही.

खर्च, मान आणि वगळणूक

मेस्त्रेचे वेतन गावकरी, इगर्जीचा निधी किंवा कोंफ्रारिया यांच्याकडून येई. गावकरी, म्हणजे पोर्तुगीजांनी ज्याला 'कोमुनिदाद' म्हटले ती सामूहिक जमीनमालकीची प्राचीन संस्था. ती पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीपासून अस्तित्वात होती. तिच्या शेतजमिनींच्या उत्पन्नातून पूर्वी देवस्थानाचा खर्च चाले, नंतर इगर्जीचा चालू लागला. म्हणजे मुलाच्या हातातील व्हायोलिनमागे गावच्या भाताचे उत्पन्न होते.

परंतु हा गाव सर्वांचा सारखा नव्हता. धर्मांतरानंतरही जातिभेद टिकले. अनेक गावांत प्रमुख कोंफ्रारियांचे सदस्यत्व ब्राह्मण आणि चार्दो कुटुंबांपुरते मर्यादित होते. फेस्ताचे यजमानपद, मिरवणुकीतील स्थान आणि अंगावर घालावयाचा विशिष्ट झगा यांवरून तंटे होत. शाळेचा सोल्फ मात्र सर्व थरांतील मुलांना मिळू शके. फेस्ताचा मान एकाकडे आणि फेस्ताचे वाजप दुसऱ्याकडे अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली. जमीन आणि मान ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी ही वाद्यविद्या गावाबाहेर पडण्याचे साधन ठरली.

दुसरी वगळणूक मुलींची. पोप पायस दहावा याने २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या संगीतविषयक आदेशात गायकवृंदाला धार्मिक पदाचा दर्जा देऊन त्यातून स्त्रियांना वगळले आणि उंच आवाजांसाठी मुलांचाच उपयोग करावा असे सांगितले. त्याच आदेशाने इगर्जीच्या आत पियानो व ताशांसारख्या वाद्यांना मनाई केली आणि बँडवरही कठोर मर्यादा घातल्या. मुलींचे संगीतशिक्षण त्यामुळे घरापुरते, सुखवस्तू कुटुंबांतील पियानोपुरते सीमित राहिले. 'गोमंतकीयांच्या रक्तात संगीत' हे विधान खरे असते, तर ते मुलींच्याही रक्तात असावयास हवे होते. परंतु व्यावसायिक वादकांत त्या जवळजवळ दिसत नाहीत; कारण शाळेने त्यांना घेतले नाही. या एका वस्तुस्थितीने रक्ताचा सिद्धान्त कोलमडतो.

शाळेतून स्टुडिओकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गोव्यातून मुंबईकडे मोठे स्थलांतर झाले. धोबीतलाव परिसरात गावागावांच्या नावाने चालणाऱ्या 'कुडी' हे या स्थलांतरितांचे आश्रयस्थान. पहिले तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच रंगले. संस्थानिकांचे बँड, हॉटेलांतील नृत्यवृंद आणि मूकपटांच्या चित्रपटगृहांतील वाद्यवृंद येथे गोमंतकीय वादकांना काम मिळे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि बोलपटांमुळे चित्रपटगृहातील वाद्यवृंदांची गरज संपली. परंतु त्याच बोलपटांनी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नवी गरज निर्माण केली.

स्टुडिओतील परिस्थिती अशी होती : संगीतकार बहुधा मौखिक परंपरेतील. तो चाल गाऊन दाखवी. तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक वादकांनी एकाच वेळी, मोजक्या तासांत, बिनचूक वाजवावयाचे असेल तर ती चाल कागदावर उतरविणारा संयोजक हवा आणि ती पाहताक्षणी वाचू शकणारे वादक हवेत. सोल्फ शिकलेल्या गोमंतकीयाकडे नेमके हेच कौशल्य होते. पुण्यश्लोक उपवासकाळातील मोतेत आणि नृत्यगीत यांत आशयाचे अंतर कितीही असो, कागद वाचण्याची विद्या एकच होती.

मजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे याचे ठळक उदाहरण. त्यांचे वडील गावच्या इगर्जीतील गायकवृंदाचे प्रमुख होते. मुंबईत येऊन ते चित्रपटसृष्टीतील नामांकित व्हायोलिनवादक, संयोजक व शिक्षक झाले. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी स्वतंत्र सिंफनी वाद्यवृंद उभारला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गाण्यात आलेले नाव ही शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना होय. सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी सुमारे दोन दशके संयोजन केले. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७) यांचे सी. रामचंद्र यांच्या संगीतातील योगदान 'अलबेला' (१९५१) पाहणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. फ्रँक फर्नांड यांनी चित्रपटसंगीतातील अनुभव कोकणीकडे वळवून 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे चित्रपट निर्माण केले.

या वादकांपैकी बहुसंख्यांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत. आली तर 'सहायक' म्हणून. गावात मेस्त्रेच्या मोतेतावर नाव नव्हते, मुंबईत संयोजकाच्या कागदावर नव्हते. निनावीपणाची ही परंपराही शाळेबरोबरच पुढे चालत आली, असे म्हणावे लागते. जेथे कर्त्याचे नाव नोंदले जात नाही तेथे कर्तृत्व 'रक्ता'च्या खाती जमा होते.

ओहोटीची कारणे

विसाव्या शतकाच्या मध्यापासून इगर्जीशाळेचे महत्त्व कमी होत गेले. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर प्राथमिक शिक्षणाचा झपाट्याने प्रसार झाला; अक्षरओळखीसाठी इगर्जीशाळेत जाण्याची गरज उरली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाद्वारे लोकभाषांना वाव दिला. कोकणी गीते सर्व भाविकांच्या मुखी आली, ही स्वागतार्ह घटना होती. परंतु अनेक आवाजांच्या लॅटिन रचनांची आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रदीर्घ तालमीची निकड कमी झाली. जमीनसुधारणांनंतर गावकरीचे आर्थिक बळ घटले. १९९० च्या दशकात संगणक व सिंथेसायझर यांनी स्टुडिओतील मोठे वाद्यवृंद संपविले आणि शाळेतून मिळणाऱ्या कौशल्याची बाजारपेठही आटली.

शिक्षणाची जबाबदारी अंशतः नव्या संस्थांकडे गेली. आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये पणजी येथे स्थापन केलेली संगीत अकादमी पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागात विलीन झाली. वंचित मुलांना वाद्यवृंदाच्या माध्यमातून शिक्षण देणारी 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' ही संस्था २००९ मध्ये गोव्यात सुरू झाली. तेथे मुलींनाही प्रवेश आहे, ही गोष्ट जुन्या शाळेच्या तुलनेत मूलभूत प्रगतीची आहे. मात्र गावोगाव, फी न आकारता, वर्षभर चालणाऱ्या व्यवस्थेची जागा शहरातील मोजक्या संस्था पूर्णपणे भरून काढू शकत नाहीत.

निष्कर्ष

१) गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचे कौशल्य हे जन्मजात नसून इगर्जीशाळेतील दीर्घ, सामूहिक आणि लिखित शिक्षणाचे फलित होते.
२) धार्मिक पंचांगाने ठरविलेले वर्ष हाच या शाळेचा खरा अभ्यासक्रम होता. तालीम आणि सादरीकरण यांची दरवर्षीची पुनरावृत्ती हे त्याचे बलस्थान होते.
३) या शिक्षणाचा उगम सक्तीच्या धर्मप्रसारात आणि देवस्थानांच्या हिरावलेल्या उत्पन्नात होता. त्याचे कौतुक करताना हा उगम विसरता येत नाही, तसेच उगमाकडे बोट दाखवून पुढील पिढ्यांचे श्रमही नाकारता येत नाहीत.
४) जात आणि लिंगभाव यांनी या शिक्षणाच्या सीमा ठरविल्या. मुलींची अनुपस्थिती हाच 'रक्तातील संगीत' या समजुतीविरुद्धचा सर्वांत प्रबळ पुरावा आहे.
५) गावकरीचे उत्पन्न, मेस्त्रेचे वेतन आणि लॅटिन उपासना हे तीन आधार ढासळताच परंपरा ओसरली. आनुवंशिक गुण असा एका पिढीत ओसरत नाही, संस्था ओसरते.

समारोप

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने या इतिहासाचा एक व्यावहारिक अर्थही आहे. आपल्याकडे स्नेहसंमेलन किंवा युवक महोत्सव जवळ आला की पंधरा दिवस आधी समूहगीताची तालीम सुरू होते आणि स्पर्धा संपली की वाद्ये पुन्हा कपाटात जातात. यश मिळाले तर ते विद्यार्थ्यांच्या अंगभूत गुणांचे, अपयश आले तर गुणांच्या अभावाचे, असे निदान आपण सहज करतो. गोव्याच्या खेड्यातील मेस्त्रेने असे निदान केले नसते. त्याच्यासमोर येणारा मुलगा शेतकऱ्याचा असो वा सुताराचा, त्याने त्याला रेषांवरील खुणा वाचायला बसवले असते आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेनेची वाट पाहिली असती. गुणवत्तेचे श्रेय रक्ताला देणे सोपे असते, कारण त्यामुळे शिक्षक नेमण्याची, त्याला वेतन देण्याची आणि वर्षभर वर्ग चालविण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. ती जबाबदारी ज्या निनावी शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलली, त्यांची नोंद घेणे हे इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे.